अनसाबाईचे हात

भर बाजारात त्या बाईनं दोन्ही मनगटं मारुतीच्या पाराला आपटली आणि नुकत्याच भरलेल्या हिरव्या बांगड्या फोडून टाकल्या. सवाष्ण बाई. नवरा शेजारी कांद्याची पिशवी घेऊन धडधाकट उभा. आमच्याकडे बांगडी फुटली असं बायका तोंडानं म्हणतसुद्धा नाहीत, वाढवली म्हणतात. आणि ही आपल्या हातानं डझनभर काच फोडून मोकळी झाली होती.

"केस हाय वो त्यात," ती म्हणाली. आवाज चढवूनही नाही. "गुंडाळलाय. बगा की."

मी खाली वाकून उचललं. दोन बांगड्यांना वेटोळं घालून बसलेला एक लांब, पिकलेला केस होता. काच तुटली होती, केस तुटला नव्हता. तुकडे त्याला लोंबत होते.

"कुणाकडून भरल्यात?" मी विचारलं खरं, पण विचारायची गरज नव्हती. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला, लिंबाच्या झाडाखाली अनसाबाई कासारीण बसली होती. गुरुवारचा बाजार, ऐन लग्नसराई, आणि तिच्यासमोर एकाही बाईनं हात धरला नव्हता.

ही पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बोरगावला एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी औषधाच्या खिडकीवर होतो. लोक मला कंपाउंडर म्हणत आणि मी स्वतःला डॉक्टरांच्या एकच पायरी खाली समजत असे. वय सव्वीस. त्या वयात पायऱ्या नीट मोजता येत नाहीत.

त्या बाजाराच्या दोन आठवडे आधी अनसाबाई माझ्या खिडकीशी आली तेव्हा तिला औषधाची पुडीसुद्धा धरता येत नव्हती. सकाळी उठलं की दोन्ही हात लाकडाचे. लुगड्याची गाठ, वेणी, भाकरी, सगळं तिची जाऊ गोदा करायची. ऊन चढून दहा वाजले की बोटं थोडी हलायला लागत. पण बांगडी भरणं म्हणजे नुसती काच सरकवणं नव्हे. समोरचीचा पंजा आपल्या मुठीत दाबून हाडं जवळ आणावी लागतात, तेव्हा कुठं बांगडी वर चढते. तो दाब तिच्या हातात उरला नव्हता. सहा महिन्यांत तिनं बायकांच्या मनगटांवर इतक्या बांगड्या फोडल्या की लोक तिच्याकडे हात द्यायला कचरू लागले होते.

आमच्याकडे महिन्यातून एकदा शहरातून संधिवाताचे डॉक्टर येत. त्यांनी तिची सुजलेली पेरं दाबून पाहिली, रक्त तपासलं आणि सांगितलं, हे म्हातारपणाचं दुखणं नाही. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठलं आहे. आत्ताच आवरलं तर आवरेल. नाहीतर बोटं वाकडी होतील, आणि एकदा वाकडी झालेली पुन्हा सरळ होत नाहीत. त्यांनी एक इंजेक्शन दिलं आणि कायमच्या गोळ्या लिहून दिल्या.

तिनं त्यांना एकच विचारलं. "हात ऱ्हातील न्हवं?"

गोळ्या मी दिल्या. कशा घ्यायच्या ते समजावलंही मीच. निरक्षर बायकांना औषध समजावण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही, असं खुद्द डॉक्टर चारचौघांत म्हणत. अनसाबाईनं माझ्यासमोर दोनदा घोकून दाखवलं, दोन्ही वेळा बरोब्बर. वर मी थोडी माणुसकीही दाखवली. एका वेळी महिन्याच्याच गोळ्या द्यायचा नियम होता, पण बिचारी सारखी फिरतीवर, म्हणून मी पाच महिने पुरतील एवढ्या एकदम तिच्या ओटीत घातल्या.

आता मी लिंबाखाली गेलो तेव्हा ती तोंडावर पदर धरून बसली होती.

"मावशी, कसं काय?"

उत्तर देण्याआधी तिनं हात पुढं केले. मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. पेरांवरची सूज साफ उतरली होती. बोटं एखाद्या पोरीच्या बोटांसारखी हलत होती.

"तुमच्या हाताला गुन हाय, दादा," ती म्हणाली.

बोलताना पदर सरकला. ओठ फुटून कडेला रक्त वाळलं होतं. दंडावर निळे-काळे डाग होते, कुणीतरी घट्ट धरून ओढल्यासारखे.

"हे काय झालं?"

"तोंड आलंय. घास उतरत न्हाई. ह्ये डाग आपसूक उठत्यात." तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "दादा, माझ्यामागनं कोन तरी येतंय. खडकीच्या बाजाराला येतंय, शेणवडीच्या बाजाराला येतंय. मी बसले का ते बसतंय. आतनं खरवडतंय. सोमवारी घरी आसते, त्या दिशी तेवढं येत न्हाई."

टळटळीत ऊन होतं, माणसांची वर्दळ होती, आणि तरी माझ्या अंगावर काटा आला. तो मी लगेच झटकला. शिकलेला माणूस मी.

"उष्णता झालीय," मी सांगितलं. "गुलकंद खा. उन्हात बसू नका."

शेजारीच गोदा बसली होती. कुंकू, फण्या, सुया, काळे मणी असा तिचा पसारा. विधवा, मूलबाळ नाही, बोलणं कमी. अनसाबाईच्या खांद्यावर, मांडीवर, बांगड्यांच्या फडक्यावर गळालेले केस ती एकेक करून वेचत होती. वेचलेला केस ती बोटाभोवती गुंडाळे आणि कमरेच्या पिशवीत कोंबे. माझी नजर गेली तशी ती थांबली, आणि मी वळल्यावर पुन्हा वेचू लागली.

सोमवारी, साडेअकराच्या सुमाराला, अनसाबाईचा मुलगा सुभाष मोटारसायकलवरून दवाखान्यात आला. डॉक्टरांची पाळी पुढच्या आठवड्यात होती. दवाखान्यात मी एकटाच.

"आई तुमचं नाव घेतीया," तो म्हणाला. "चला."

"काय होतंय तिला?"

"तुमच्या औषधातलं न्हाई ते. पन आई म्हनतीया, दादाला बोलवा. म्हनून आलो."

त्यांच्या गावी, निंबळ्याला, पोचलो तेव्हा बारा वाजले होते. वस्तीत चिटपाखरू नव्हतं. कासारांचं घर म्हणजे एक लांबट खोली आणि आढ्यापासून खाली सोडलेल्या बांगड्यांच्या माळा, हिरव्या, लाल, चुडा, राजवर्खी, शेकड्यांनी. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर आधी काही दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. वाऱ्याचा लवलेश नव्हता आणि माळा किणकिणत होत्या. डोळे सरावल्यावर दिसलं, की एक माळ अनसाबाईच्या अंथरुणाच्या अगदी वर होती आणि तिचे हात वर जाऊन माळेला लागत होते.

अनसाबाई तापानं फणफणली होती. डोक्यावर मूठभर केस राहिले होते. तोंड आतून सोललेलं, डोळे अर्धे मिटलेले, बाकी शरीर गोणपाटासारखं पडलेलं. आणि हात मात्र चालू होते. डावा हात हवेत कुणाचा तरी पंजा धरत होता, दाबत होता, अंगठा आत वळवत होता. उजवा त्यावरून बांगडी चढवत होता. एक झाली की दुसरी. सफाईनं, न थांबता. समोर कुणी नव्हतं.

"काल सांजंपास्नं भरतीया," सुभाष म्हणाला. "कुनाच्या हातात भरतीया, इचारलं तर सांगत न्हाई."

कोपऱ्यात देवऋषी बसला होता. मला वाटलं होतं जटा-बिटा वाढवलेला कुणी असेल. हा तर पांढरा सदरा, डोळ्यांवर चष्मा, शाळेतल्या निवृत्त शिपायासारखा सौम्य माणूस. पुढ्यात परातीत तांदूळ. त्याच्यासमोर गोदा खाली मान घालून बसलेली, आणि दोघांच्या मध्ये नारळाएवढा एक गोळा. केसांचा. अनसाबाईच्या केसांचा.

"काकीच्या पिशवीत घावला," सुभाषनं मला सांगितलं.

"केसावरच्या बाया येत्यात न्हवं," गोदा जमिनीकडे बघत म्हणाली. "केस घेऊन सुया देत्यात, पिना देत्यात. त्येंच्यासाठनं ठिवलं हुतं. समदीच ठिवत्यात."

खरं होतं ते. आमच्या भागात एक घर असं नव्हतं जिथं भिंतीच्या कोनाड्यात विंचरलेल्या केसांचं गुंतवळ ठेवलेलं नाही. माझी आईसुद्धा ठेवायची. पण त्या दिवशी त्या खोलीत ते कुणाला आठवलं नाही, आणि खरं सांगतो, मलाही त्या गोळ्याकडे बघवेना.

देवऋषीनं तांदळातून बोट फिरवलं.

"वळखीचा हात हाय," तो म्हणाला. हळू बोलत होता, जवळजवळ मायेनं. "परका न्हाई. गोड बोलून दिलंय. तुझ्या भल्याचं हाय म्हनून दिलंय. पोटात घातलंय. एकदा न्हाई, वारावारानं घातलंय. आन् हिनंबी हात पुढं करून घेतलंय."

सुभाषनं गोदाकडे पाहिलं. आईला भरवणारी तीच, वेणी घालणारी तीच.

मी अंथरुणाशी बसलो. "मावशी, मी आलोय. गोळ्या कुठं आहेत?"

हात थांबले. माळाही थांबल्या. तिनं कमरेची चंची सोडली, त्या बोटांनी, गाठ न चाचपता, आणि पट्ट्या माझ्या हातावर ठेवल्या.

पिवळ्या गोळ्यांच्या पट्ट्या जवळजवळ अखंड होत्या. दोनच खळगे फुटलेले. पांढऱ्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या मी दिल्या होत्या, वीस गोळ्या. त्यात चार उरल्या होत्या.

"मावशी, कशा घेतल्यात?"

"तुमी सांगितल्या तशा." जीभ जड होती, पण पाठ केलेलं होतं. "बाजाराच्या दिशी पांढरी. बाजार नसंल त्या दिशी पिवळी." आणि ती बोटावर मोजू लागली. "बेस्तरवारी बोरगाव. शुक्करवारी खडकी. शनवारी कान्हेर. आइतवारी पिंपळवाडी. सोमवारी घर. मंगळवारी वाघजाई. बुधवारी शेणवडी."

"पण गेले तीन दिवस तुम्ही पडूनच आहात ना? बाजाराला कुठं गेलात?"

"मी गेले न्हाई," ती म्हणाली. "पन बाजार तर भरला हुता न्हवं."

ती पांढरी गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. एकदाच. तेवढी घेतली तर सांधे वाचवते. रोज पोटात गेली तर शरीर जिथं जिथं नवं काही घडवत असतं तिथं तिथं ती हात घालते: तोंडात, आतड्यात, केसांत, रक्तात. पिवळी गोळी तिची धार बोथट करण्यासाठी असते. निरक्षर बाईला वार लक्षात ठेवणं अवघड, म्हणून ही युक्ती मी काढली होती. बाजार विसरणारी बाई जन्माला यायची आहे. शेकडो शेतकरणींना मी असंच सांगितलं आणि एकीचंही चुकलं नव्हतं, कारण त्यांना बाजार आठवड्यातून एकच. डॉक्टरांनी पाठ थोपटली ती ह्याच युक्तीसाठी. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. समोर उभी असलेली बाई कासारीण आहे, ती बाजाराला जात नाही, ती बाजारातच राहते, हे तिच्या ओटीत वीस गोळ्या घालताना माझ्या डोक्यात आलंच नाही. अनसाबाईनं काहीही चुकवलं नव्हतं. आणि देवऋषीनं नाव सोडून सगळं खरं सांगितलं होतं.

"हिला आत्ताच्या आत्ता जिल्ह्याला न्यायला पाहिजे," मी म्हणालो. "जीप बघा. यावर औषध आहे. उद्यापर्यंत थांबलात तर नसेल."

"माघारी घेतल्याबिगर उंबऱ्याभायेर काढू नगा," देवऋषी म्हणाला. "अर्ध्या वाटंत जाईल."

सुभाष दारात जाऊन उभा राहिला. ऊन त्याच्या पाठीमागे गेलं आणि खोली काळी पडली. "दादा, तुमी चांगलं मानूस. ह्यात पडू नगा. केलंय त्यानं आधी माघारी घेऊ द्या." मग तो गोदाला म्हणाला, "काकी, घे माघारी."

"म्या काय बी केलं न्हाई, बाळा."

"घे माघारी."

आता बोलायला हवं होतं. मी दिलं, एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. पण दारात सुभाष होता, आणि त्याचे हात मला दिसत होते. नोकरी दिसली, डॉक्टर दिसले, बोरगावातली तोंडं दिसली. नंतर मी कितीदा तरी स्वतःला सांगितलं, की मी बोलणारच होतो, शब्द जुळवत होतो. खोटं आहे ते. मी मूग गिळून बसलो होतो, आणि मनात कुठंतरी कुणी दुसरं काही करील अशी वाट बघत होतो.

गोदा माझ्याकडे बघत होती. पट्ट्या हातात घेतल्यावर माझा चेहरा कसा झाला तो तिनं पाहिला असणार. तिला गोळ्यांतलं कळत नव्हतं, पण माणसाचा चेहरा कळत होता. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, ते मिटलेलं पाहिलं, मग अनसाबाईकडे पाहिलं. तिचे हात पुन्हा सुरू झाले होते.

"म्याच केलंय," गोदा म्हणाली.

देवऋषीनं तांदळातलं बोट उचललं.

"म्याच घातलं. घेते माघारी. न्या तिला. आत्ता न्या."

देवऋषीनं सांगितलं तसं तिनं केसांचा गोळा पदरात घेतला. शीव ओलांडेपर्यंत मागं वळून बघायचं नाही, पुन्हा या उंबऱ्याला पाय लावायचा नाही. ती उठली, माझ्याजवळून गेली, सुभाष बाजूला झाला आणि ती अनवाणी त्या उन्हात उतरली. फण्या, कुंकू, मण्यांचं बोचकं तिथंच राहिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण सहज बोलून जातो. चोर तिथंच उभा राहून बघत असतो, ते म्हणीत कुठं येत नाही.

जीप मिळाली. जिल्ह्याच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंना मी बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ते सांगावंच लागलं, त्याशिवाय योग्य इंजेक्शन मिळालं नसतं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कामाला लागल्या. अनसाबाईला चार बाटल्या रक्त चढलं. अकरा दिवस ती मरणाच्या दारात होती, बाराव्या दिवशी तिनं पेज मागितली. निंबळ्यात सगळे म्हणाले, गोदीनं माघारी घेतलं म्हणून वाचली.

गोदाला मी शोधलं. म्हणजे, दोन-तीन बाजारांत चौकशी केली. एकानं तिला एका जत्रेत लांबून पाहिल्याचं सांगितलं. मी त्या जत्रेला गेलो नाही.

पाच महिन्यांनी, गुरुवारी, अनसाबाई माझ्या खिडकीशी उभी राहिली. केस पोरासारखे तोकडे उगवले होते. गोळी बंद झाल्यापासून सूज परत आली होती. पेरं फुगलेली, मनगटं लाल. शहरातल्या डॉक्टरांनी रक्त तपासून तीच गोळी पुन्हा सुरू केली होती, आठवड्याला एक, आणि दर महिन्याला रक्त तपासल्याशिवाय पुढची मिळणार नाही या अटीवर.

खिडकीत आम्ही दोघंच होतो. बाहेर सुभाष मोटारसायकलवर बसला होता.

"मावशी, मला सांगायचंय तुम्हाला," मी म्हणालो. "त्या दिवशी गोदाबाई..."

"म्हाईत हाय मला."

"काय माहीत आहे?"

"डॉक्टरीनबाईनं इस्कटून सांगितलं. रोज घेतली म्हनून झालं. गोदीनं काय बी केलं न्हाई."

"मग सुभाषला सांगितलंत?"

"न्हाई."

"का?"

तिनं बाहेर पाहिलं. "सांगितलं आसतं तर त्यानं तुमचं हातपाय मोडलं आसतं. तुमी गेला आसता हितनं. मग मला ही गोळी कोन देनार?"

"पण त्या... त्यांनी तुमच्यासाठी..."

"माझी येनी घालायची ती," अनसाबाई म्हणाली. "घास भरवायची. भनीवानी जपलं मला." तिनं दोन्ही हात खिडकीच्या फळीवर ठेवले आणि बोटं जमतील तेवढी पसरली. "पन माझं हात तुमच्यापाशी हायेत, दादा."

ती रडली नाही. माझ्याकडे सरळ बघत राहिली. सुभाष दहा पावलांवर होता. मी हाक मारली असती तर तो लगेच आला असता. त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि त्यानं आईला वाचवणाऱ्या माणसाला करतात तसा आदरानं नमस्कार केला.

मी पट्टी कातरीनं कापली आणि चार गोळ्या तिच्या हातावर ठेवल्या.

"गुरुवारी," मी म्हणालो.

"फकस्त गुरुवारी," ती म्हणाली आणि चंचीची गाठ मारायला माझ्यापुढे धरली. ती मी मारून दिली.

त्यानंतर अकरा वर्षं ती दर महिन्याला येत राहिली. गोदाबाईचं नाव आम्ही दोघांनीही पुन्हा काढलं नाही. अनसाबाईची बोटं शेवटपर्यंत सरळ राहिली.